अज्ञान

१९९२ च्या जूनमध्ये रिओ दि जानेरोला भरलेल्या वसुंधरा परिषदेत सेव्हर्न सुझुकी नावाच्या बारा वर्षांच्या मुलीने केलेलं भाषण तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. एके काळी ते मेलमधून इतकं फिरायचं की महिन्यातून एकदा तरी कोणीतरी 'जरूर पाहा' म्हणून पाठवायचंच. कॅनडातल्या व्हँकुव्हरची ही मुलगी आणि तिच्या मैत्रिणी स्वतः पैसे जमवून ब्राझीलला गेल्या होत्या. जेमतेम सहा-सात मिनिटांचं भाषण. जे दुरुस्त कसं करायचं हे तुम्हाला माहीत नाही ते निदान मोडू तरी नका, असं तिने जगभरच्या मंत्र्यासंत्र्यांना तोंडावर सांगितलं.

भाषण चांगलंच आहे. पण ते पाहून लोक ज्या तऱ्हेने हळवे होतात त्याने मला जरा अस्वस्थ व्हायला होतं. शाळेच्या स्नेहसंमेलनात एखादं पोरगं टिळकांवर खणखणीत बोललं की पाहुणे म्हणतात ना, "काय गोड बोलला हो!" काय बोलला ते घरी जाईपर्यंत विसरलेले असतात. रिओमध्ये बरंचसं तसंच झालं. टाळ्या वाजल्या. परिषदेच्या भल्यामोठ्या कार्यक्रमपत्रिकेत मुलं आणि तरुण यांच्यावर एक आख्खं प्रकरण घातलं गेलं. आणि मग मंडळी आपापल्या विमानाने घरी गेली.

गंमत अशी, की त्याच्या दोन वर्षं आधी फिलिपिन्समध्ये काही मुलांनी याहून कितीतरी मोठा घास घेतला होता. त्यांचं कोणी चित्रीकरण केलं नाही. केलं असतं तरी त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं, कारण ती मुलं बोललीच नाहीत. त्यातली काही तर नुकती चालायला लागलेली असावीत. त्यांनी सरकारवर दावा लावला होता.

थोडी पार्श्वभूमी सांगते. फिलिपिन्स हा सात हजारांवर बेटांचा देश, एकूण जमीन साधारण तीन कोटी हेक्टर. दाव्याच्या अर्जात दिलेल्या आकड्यांप्रमाणे पंचवीस वर्षांपूर्वी त्यातल्या एक कोटी साठ लाख हेक्टरांवर, म्हणजे निम्म्याहून जास्त भागावर, पावसाळी जंगल होतं. १९८७ च्या उपग्रहचित्रांत त्यातलं बारा लाख हेक्टर उरलेलं दिसलं. त्यानंतरच्या पाहण्यांत अस्सल जुनं, कुऱ्हाड न लागलेलं जंगल भरलं साडेआठ लाख हेक्टर. शंभरात तीनसुद्धा नाही.

मधल्या काळात काय झालं? मार्कोसची राजवट झाली. सरकार लाकूड कंपन्यांना पंचवीस-पंचवीस वर्षांचे तोडीचे परवाने देत असे, आणि परवाने कोणाला मिळत हे आपल्याकडच्या वाचकाला वेगळं सांगायला नको. १९८६ मध्ये मार्कोसला पळून जावं लागलं, १९८७ मध्ये नवी राज्यघटना आली. पण परवाने तसेच राहिले. दिलेल्या परवान्यांखालचं क्षेत्र होतं अडतीस लाख नव्वद हजार हेक्टर. उरलेल्या जुन्या जंगलाच्या चौपटीहून जास्त! म्हणजे ताटात एक पोळी आणि चार जणांना 'आख्खी घ्या' म्हणून आमंत्रण.

अंतोनिओ ओपोसा हा तेव्हा तरुण वकील होता. (पुढे २००९ मध्ये त्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्याला हा पुरस्कार विनोबा आणि बाबा आमट्यांमुळे घरचाच वाटतो.) १९९० मध्ये त्याने मकाटीच्या न्यायालयात दावा दाखल केला: सगळे तोडपरवाने रद्द करा आणि नवे देऊ नका. प्रतिवादी होते पर्यावरण खात्याचे मंत्री फुल्जेन्सिओ फॅक्टोरान. आणि वादी? ओपोसाची स्वतःची तीन मुलं आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतली इतर मुलं, अशी सगळी मिळून चाळीसहून जास्त. त्यांच्या वतीने सह्या त्यांच्या आईबापांच्या. आपण आपल्यासाठी आणि अजून जन्माला न आलेल्या पिढ्यांसाठी आलो आहोत, असं मुलांच्या तोंडून अर्जात लिहिलेलं होतं.

अर्जातला एक हिशोब मला विसरता येत नाही. जंगल तासाला पंचवीस हेक्टर या वेगाने तुटतंय, म्हणजे तासाला साधारण बासष्ट एकर. आणि हे रात्र, शनिवार-रविवार, सणासुदीच्या सुट्ट्या सगळं धरून. अर्ज लिहिणाऱ्याला माणसं कशी ऐकतात ते कळत होतं. वर्षाला दोन लाख हेक्टर म्हटलं की आपण मान डोलावतो. रविवारी दुपारी आपण जेवून आडवे झालेलो असताना बासष्ट एकर गेलं म्हटलं की झोप उडते.

सरकारचं म्हणणं दोन वाक्यांत आटपतं. या मुलांचा नेमका कोणता हक्क हिरावला गेलाय ते अर्जात दिसत नाही. आणि जंगल तोडायचं की राखायचं हा धोरणाचा प्रश्न आहे, कोर्टाचा नाही. जुलै १९९१ मध्ये मकाटीच्या न्यायाधीशांनी ते मान्य करून दावा फेटाळला. वर असंही म्हटलं, की परवाना हा करार आहे आणि तो मधेच रद्द करणं घटनेच्या विरुद्ध जाईल.

त्यानंतर चार महिन्यांनी, ५ नोव्हेंबर १९९१ ला, लेते बेटावरच्या ओर्मोक शहरात वादळी पावसाने डोंगरावरून पाण्याचा लोंढा आला. काही तासांत पाच हजारांच्या आसपास माणसं गेली. सगळा दोष लाकूडतोडीवर टाकण्यात आला. तो पूर्ण खरा नाही, कारण तिथल्या उतारांवर कितीतरी वर्षांपासून ऊस आणि नारळ होता. पण उघड्या डोंगराखाली राहणं म्हणजे काय हे देशाला त्या दिवशी दिसलं. मुलांचं अपील तेव्हा सर्वोच्च न्यायालयात पडून होतं.

आता जरा घरचं बोलते. आमच्याकडच्या मंडळींना हे ठाऊक आहे, इतरांसाठी सांगते.

माझे वडील गेले तेव्हा मी अकरा वर्षांची होते, भाऊ सात. वडिलांनी नोकरीच्या पैशातून गावाजवळ अठरा गुंठे जमीन घेतली होती. तिच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून आमची नावं चढली. तलाठ्याकडून आईने उतारा आणला तो मी मोठ्या उत्सुकतेने वाचला, आणि माझ्या नावापुढे शब्द होता 'अज्ञान'. खाली 'अ.पा.क.' म्हणून आईचं नाव. मी वर्गात पहिली-दुसरी यायचे हो! सरकार मला अज्ञान म्हणतं म्हणजे काय? दोन दिवस मी फुगून बसले होते. अ.पा.क. म्हणजे 'अज्ञान पालन कर्ता', आणि कायद्याच्या भाषेत अठराच्या आतला प्रत्येक जण अज्ञानच, हे आईने समजावलं. पण शब्द टोचायचा तो टोचलाच.

पुढे दोनेक वर्षांनी आईला ती जमीन विकायची होती. घेणारा तयार, भाव ठरला, आणि त्याच्या वकिलाने अडवलं. अज्ञान मुलांचा हिस्सा आहे, कोर्टाची परवानगी आणा. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात तसं कलमच आहे: मुलाच्या मालकीची जमीन सख्ख्या आईबापालासुद्धा कोर्टाला विचारल्याशिवाय विकता येत नाही, आणि कोर्ट परवानगी देणार ती मुलाची गरज असेल किंवा त्यात मुलाचं उघड हित असेल तरच. न विचारता विकली, तर मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत येऊन तो व्यवहार मोडू शकतं. घेणाऱ्याला भीती होती ती चिमुरड्या भावाची आणि माझी! आईने जिल्ह्याच्या कोर्टात खेटे घातले. पैसे मुलांच्या कशासाठी लागणार हे लिहून द्यावं लागलं. तेव्हा आम्ही सगळेच वैतागलो होतो. आज विचार केला की वाटतं, काय शहाणा कायदा आहे! ज्याला 'अज्ञान' म्हणतात त्याच्या अठरा गुंठ्यांसाठी सख्ख्या आईला न्यायाधीशासमोर उभं करतो.

एवढंच नाही. बाप मेला तेव्हा मूल आईच्या पोटात असेल, तर जिवंत जन्मल्यावर त्यालाही इतरांसारखाच वारसा मिळतो. हिंदू उत्तराधिकार कायद्यात ते स्पष्ट आहे. थोडक्यात काय, जमीनजुमल्याच्या बाबतीत न बोलणारं मूल, तान्हं मूल, पोटातलं मूल, या सगळ्यांना कायदा पिढ्यान्‌पिढ्या माणूस समजत आलाय. कोणाला त्यात गंमत वाटत नाही की 'लहान तोंडी मोठा घास' आठवत नाही. तेच मूल नदी, डोंगर, हवा यांच्याबद्दल काही म्हणायला गेलं की मात्र सगळ्यांना त्याचं वय दिसायला लागतं.

मला वाटतं ओपोसाची खरी करामत इथे आहे. त्याने मुलांना माईकसमोर उभं करून कोणाला रडवलं नाही. वारसदार म्हणून उभं केलं.

३० जुलै १९९३ ला फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्यायमूर्ती हिलारिओ दाविदे यांनी तो लिहिला. ही मुलं स्वतःसाठी, त्यांच्या पिढीतल्या इतरांसाठी आणि पुढे येणाऱ्या पिढ्यांसाठी दावा लावू शकतात, असं त्यात म्हटलं. आधार होता १९८७ च्या घटनेतलं एक कलम, संतुलित आणि निरोगी निसर्गाचा जनतेचा हक्क सांगणारं. ते कलम घटनेत मूलभूत हक्कांच्या यादीत नाही, धोरणांच्या यादीत आहे. आपल्याकडच्या मार्गदर्शक तत्त्वांसारखं, म्हणजे वाचायला छान आणि अंमलात येईल तेव्हा येईल. दाविदे म्हणाले, म्हणून काही हा हक्क कमी दर्जाचा ठरत नाही. तो घटनेच्या आधीपासूनचा आहे, माणूस आहे तेव्हापासूनचा. लिहून ठेवला तो एवढ्याचसाठी की न लिहिता पुढच्यांच्या हाती भेगाळलेली जमीन उरू नये. आणि परवान्याबद्दल एकदम रोखठोक: परवाना हा करार नव्हे, सरकारने दिलेली सवलत आहे. लोकहितासाठी ती काढून घेता येते.

एका न्यायमूर्तींनी, फेलिसिआनो यांनी, निकालाशी सहमत होऊनही वेगळं मत लिहिलं. हा हक्क इतका मोठा आणि इतका मोघम आहे की खालच्या कोर्टाने नेमकं काय मोजायचं, असा त्यांचा सूर होता. ते मत मी मन लावून वाचलं आणि मला ते पटलंही. दाव्याचा हक्क मिळणं आणि दावा सिद्ध होणं यांत खूप अंतर असतं.

आणि झालंही तसंच. सर्वोच्च न्यायालयाने परवाने रद्द केले नव्हते. दावा पुन्हा मकाटीला चालवायला पाठवला होता, आणि तिथे तो पुढे चालवलाच गेला नाही. एकेका कंपनीविरुद्ध पुरावा उभा करणं म्हणजे हत्तीचं काम. या निकालाने एकही परवाना रद्द झाला नाही. जुन्या जंगलातली तोड सरकारने १९९२ पासून बंद केली होती, ती खात्याच्या हुकुमाने. त्यामुळे जगभर ज्याचे गोडवे गायले जातात त्या खटल्याने झाडं किती वाचली असं विचारलं तर अभ्यासकसुद्धा घसा खाकरतात.

मग उरलं काय? २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाच्या खटल्यांसाठी वेगळी नियमावली केली. तिच्यात सरळ लिहिलंय की कोणीही नागरिक इतरांच्या वतीने दावा लावू शकतो, अज्ञान मुलांच्या आणि अजून जन्माला न आलेल्या पिढ्यांच्याही. १९९० मध्ये जो प्रकार कोर्टाला विचित्र वाटला होता, तो वीस वर्षांनी छापील नियम झाला. त्या वादी मुलांपैकी एक मुलगी मोठी होऊन समुद्र वाचवण्याच्या कामात पडली, हेही सांगायला हरकत नाही.

इथे माझ्या मामेभावाचा आक्षेप मला ऐकू येतोय (तो हे वाचणार, म्हणून आधीच लिहिते): "मुलांच्या नावाने मोठेच खेळतात. तान्ह्या बाळाला काय कळतंय?" बरोबर आहे. दिल्लीत २०१५ मध्ये तीन बाळांच्या नावाने फटाक्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज झाला, तेव्हा ती सहा ते चौदा महिन्यांची होती. अर्ज त्यांच्या वडिलांनीच केला, दुसरं कोण करणार? पण माझ्या आईने माझ्या नावाने सही केली तेव्हा तुला कुठे खटकलं होतं रे? पालनकर्त्याने सही करायची ती मुलाच्या हिताची, आणि ती खरोखर तशी आहे का ते कोर्टाने तपासायचं. फुप्फुसं बाळाचीच होती. २३ ऑक्टोबर २०१८ ला त्या अर्जावर निकाल आला आणि दिवाळीला रात्री आठ ते दहा, तेही कमी धुराचे फटाके, असं बंधन आलं. पाळलं किती गेलं ते आपण कानांनी ऐकतोच.

आक्षेपातला खरा भाग वेगळा आहे. तान्ह्या बाळाच्या वतीने बोलणं ठीक, पण दहा-बारा वर्षांचं पोर स्वतः बोलू शकतं, त्याच्या वतीने कशाला? त्यालाच विचारा की. १९८९ च्या बालहक्क कराराचं बारावं कलम नेमकं हेच सांगतं: ज्याला स्वतःचं मत बनवता येतं त्या मुलाला त्याच्याशी संबंधित प्रत्येक बाबतीत ते मांडायचा हक्क आहे, आणि वय आणि समज पाहून त्या मताला वजन द्यायचं. भारताने डिसेंबर १९९२ मध्ये हा करार मान्य केला, रिओनंतर सहा महिन्यांनी. पण मुलांना थेट संयुक्त राष्ट्रांच्या समितीकडे तक्रार करता यावी म्हणून नंतर जो जोड-करार झाला त्यावर आपण सही केलेली नाही. म्हणून हरिद्वारच्या रिधिमा पांडेचं असं झालं: २०१७ मध्ये नऊ वर्षांची असताना तिने हवामानबदलाबद्दल राष्ट्रीय हरित लवादाकडे अर्ज केला, जानेवारी २०१९ मध्ये तो लवादाने थोडक्यात निकाली काढला. पर्यावरण परवानगीच्या पद्धतीत हवामानाचा विचार होतोच असं गृहीत धरून. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ग्रेटा थुनबर्गसह सोळा मुलांनी त्या समितीकडे तक्रार केली. रिधिमा त्यात होती, पण तक्रार अर्जेंटिना, ब्राझील, फ्रान्स, जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्याविरुद्ध. स्वतःच्या देशाविरुद्ध तिला ती करताच आली नसती.

ऑक्टोबर २०२१ मध्ये समितीने ती तक्रार दाखल करून घ्यायला नकार दिला. आधी आपापल्या देशांतल्या कोर्टांत जायला हवं होतं, म्हणून. तांत्रिक कारणाने हरली पोरं. पण त्याआधी समितीने मुलांचं म्हणणं प्रत्यक्ष ऐकून घेतलं होतं. आणि निकालाबरोबर त्यांना एक पत्रही लिहिलं, साध्या भाषेत: आम्ही असं का ठरवलं, तुमचं कोणतं म्हणणं आम्हाला पटलं. एका देशातल्या धुरामुळे दुसऱ्या देशातल्या मुलाचं नुकसान झालं तर पहिला देश जबाबदार धरता येतो, हे समितीने मान्य केलं होतं. मला ते पत्र रिओच्या टाळ्यांपेक्षा लाखपटीने मोलाचं वाटतं. तुम्ही हरलात, आणि का हरलात ते तुम्हाला समजेल अशा शब्दांत सांगणं आमचं काम आहे. आपल्या कोर्टांनी मोठ्यांनासुद्धा असं एखादं पत्र पाठवावं! २०२३ मध्ये याच समितीने मुलांचे हक्क आणि पर्यावरण यांवर सविस्तर मार्गदर्शन काढलं, तेव्हा १२१ देशांतल्या सोळा हजारांवर मुलांची मतं मागवली होती.

हे सगळं मी आत्ताच का उकरून काढलं, तर आमच्या भाच्यामुळे. त्यांच्या सोसायटीच्या बाहेरच्या तीन झाडांवर पालिकेची नोटीस लागलीये, रस्ता रुंद करायचाय म्हणून. हरकती मागवल्यात. दोन पर्जन्यवृक्ष आणि एक जुनं जांभूळ. चिरंजीव इयत्ता पाचवी. त्याने स्वतःच्या अक्षरात हरकत लिहिली: जांभळाच्या ढोलीत पोपट आहेत, आणि रस्ता त्या बाजूने वाढवला तरी पुढच्या कोपऱ्यावर तो पुन्हा अरुंदच होतो, मी पावलांनी मोजलाय. हा दुसरा मुद्दा सोसायटीतल्या एकाही मोठ्या माणसाच्या ध्यानात आला नव्हता. ऑफिसातल्या बाईंनी कागद वाचला, हसल्या, आणि म्हणाल्या, "बाळा, आईला सही करायला सांग."

ताईने सही केली. मी तिला सांगून सहीखाली 'अ.पा.क. आई' असं लिहायला लावलं. भाच्याला अर्थातच त्या शब्दाचा अर्थ सांगावा लागला, आणि तोही दोन दिवस फुगला. कागदावर पोच मिळालीये. सुनावणीची तारीख आली आहे आणि नेमकी त्याच दिवशी त्याची गणिताची चाचणी आहे. त्याला स्वतः जाऊन बोलायचंय. ताई म्हणते चाचणी बुडवायची नाही, मी म्हणते बुडवू दे, आणि आमच्या आईचं म्हणणं, आधी त्यालाच विचारा की त्याचं गणित झालंय का.